मद्रुगादा

नळाला पाणी येतं रात्री अडीचला,
पाचव्या दिवशी. कधी सहाव्या.
आधी नुसती फुसफुस, मग खोकल्यासारखा एक ठसका,
मग दाजी पेठेच्या आमच्या बोळात
एकामागून एक बादल्यांच्या कड्या वाजतात.

मी उठते. केस वर बांधते. मोटारीला पाइप लावते.
समोरून बालमणी अत्ता, निळ्या ड्रममागून :
"हारिका, स्पेनला जाऊन काय शिकलीस म्हणालीस?"
"पाणी, अत्ता."
"मग सांग, आज किती वाजेपर्यंत राहील?"

दोन वर्षं, एक शिष्यवृत्ती, एकशे दहा पानांचा प्रबंध,
आणि हे त्यात नव्हतं.

त्या शहराचं नाव जीभ दातांत धरून घ्यायचं : थारागोथा.
मी लाजून सारागोसा म्हणायचे
आणि बेकरीवाला पाव बांधता बांधता विचारायचा,
पेरूची का गं तू?
नदी शहरातूनच जाते. पुलावर पहिल्यांदा उभी राहिले
तेव्हा सौंदर्य वगैरे काही सुचलं नाही,
मनात ड्रम मोजत होते.

आसुन्सिओनबाईंच्या घरी माझी खोली.
पहिल्याच आठवड्यात एका रात्री जाग आली, अडीचला, सवयीने,
आणि मी त्यांचं स्वयंपाकघर भरून ठेवलं :
पातेली, काचेचे पेले, सुपाचं भांडं,
फुलदाणीसुद्धा.
सकाळी त्या दारात उभ्या, गाउनची दोरी हातात.
कोण गेलं, म्हणाल्या. मला तेवढंच कळलं.
मोडक्या वाक्यांत सांगितलं, आमच्याकडे पाणी रोज नसतं.
त्या ऐंशीच्या. काही बोलल्या नाहीत.
स्टूल ओढून माळ्यावरून एक मातीचा बोतिहो काढला,
दोन तोंडांचा, पोटाशी चिरलेला,
धुतला, भरला,
माझ्या पातेल्यांच्या रांगेत शेवटी ठेवला.
मग बोटाने हवेत डोंगर काढला, डोंगरावर गाव,
गावाखाली झरा,
आणि स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला, चुंबळीच्या जागी.

तो शब्द त्यांनीच दिला.
मध्यरात्र संपल्यावर, पहाट व्हायच्या आधी
जी वेळ असते, ती मद्रुगादा.
आपल्याकडे उत्तररात्र आहे, पण ती पुस्तकात राहते,
बोळात तिला कुणी हाक मारत नाही.
घरी तेलुगू, शाळेत मराठी, कोपऱ्यावरच्या दुकानात कानडी,
आणि तिन्हींत मी ही वेळ
फक्त "पाणी आलं" अशीच ओळखत होते.

नान्नाचे कान चाळीस वर्षांत यंत्रमागाने खाल्ले.
ते ओठ वाचतात.
दर रविवारी फोनच्या पडद्याला नाक लावून बघायचे.
एकदा म्हणाले, तुझे ओठ तिकडे वेगळे हलायला लागलेत,
आणि बोलताना जीभ का दाखवतेस?
मी हसले. मग फोन ठेवून
बाथरूमच्या आरशासमोर बराच वेळ तेलुगू बोलत बसले,
ओठ जागेवर येईपर्यंत.

परत आले त्याला आता सात महिने.
महापालिकेत तीन अर्ज दिलेत. एका साहेबांनी चहा पाजला,
म्हणाले, मॅडम, तुमचं सगळं बरोबर आहे.
पत्राचं उत्तर नाही.
आसुन्सिओनबाईंचंही नाही, नाताळपासून.

आज मोटार चालू आहे. नान्ना पाइपवर तळहात ठेवून बसलेत,
आवाज नाही तर थरथर ऐकतात.
मोटारीच्या लाल दिव्यापुढे मी तो शब्द पुटपुटले,
जीभ न दाखवता. त्यात ती लागतही नाही.
त्यांनी भुवई उचलली : काय म्हणालीस?
सांगणार होते.
तेवढ्यात त्यांनी तळहात उचलला, पुन्हा टेकवला,
पाइपकडे पाहिलं,
आणि पलीकडून अत्तानं विचारलं,
"गेलं का गं?"